डेंड्रिटिक पेशींची लस की ट्यूमर-पेशींची?

‘आपला तो बाब्या’ हा आपल्या प्रतिकारशक्तीचाही खाक्या. कॅन्सरची पेशी म्हणजे आपलीच बिघडलेली पेशी. तिला जोरात ओळखणाऱ्या बऱ्याचशा टी-पेशी (हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) थायमसमध्येच, म्हणजे त्या जिथे तयार होतात त्या छातीतल्या ग्रंथीतच, बाद होतात. उरलेल्यांना ट्यूमरभोवती जमलेल्या नियामक टी-पेशी गप्प बसवतात. ही सहनशीलता मोडू पाहणाऱ्या पेशीआधारित लसी मुख्यतः दोन जातींच्या. एखाद्या चाचणीत नाव घालायचा विचार असेल तर त्यांतला फरक कळायला हवा.

पहिली डेंड्रिटिक पेशींची, म्हणजे टी-पेशींना शत्रूची ओळख करून देणाऱ्या पेशींची. अमेरिकेत 2010 मध्ये मान्यता मिळालेली, प्रोस्टेट कॅन्सरवरची सिप्युल्यूसेल-टी याच जातीतली. काही तास मशीनला जोडून बसायचं. रक्त फिरतं, हव्या त्या पांढऱ्या पेशी बाजूला निघतात, बाकीचं रक्त परत अंगात. त्या पेशींना प्रयोगशाळेत प्रोस्टेटच्या एका प्रथिनाची ओळख करून देतात आणि साधारण तीन दिवसांनी सलाइनमधून परत सोडतात. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने हे सगळं तीनदा. 512 रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुर्मान 21.7 वरून 25.8 महिन्यांवर गेलं. गंमत म्हणजे पीएसए (या आजारावर नजर ठेवायला रक्तात मोजतात ते प्रथिन) फारसा उतरला नाही आणि आजार वाढायला लागणारा वेळही लांबला नाही. दर महिन्याला रिपोर्ट बघून धीर धरणाऱ्याला ही लस छळणार!

दुसऱ्या जातीत अख्ख्या ट्यूमर-पेशीच टोचतात. किरणोत्सर्गामुळे त्यांची वाढ आधीच खुंटवलेली असते. नेमकं कोणतं प्रथिन दाखवायचं हा अंदाज बांधावा लागत नाही, हा मोठा फायदा. परक्या पेशींपासून केलेली लस फ्रीझरमध्ये तयार असते. स्वतःच्या ट्यूमरची हवी तर शस्त्रक्रियेत पुरेसा तुकडा मिळायला हवा. पण या पेशींतली बहुतेक प्रथिनं निरोगी पेशींतही असतातच, म्हणजे पुन्हा बाब्याच. याच जातीतल्या जीव्हॅक्स या लसीच्या प्रोस्टेट कॅन्सरवरच्या दोन्ही मोठ्या चाचण्या 2008 मध्ये थांबवाव्या लागल्या. एकीत तर लस घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होते.

प्रोस्टेटचा आजार पसरलाय, हार्मोनच्या उपचारांना दाद देत नाही, पण त्रास अजून नाही किंवा किरकोळ आहे, अशा वेळी मी पहिलीकडे झुकेन. ट्यूमर-पेशींच्या लसीबाबत डॉक्टरांना आधी एकच विचारेन: जोडीला काय देणार? नियामक टी-पेशी कमी करायला कमी मात्रेत सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध, किंवा पीडी-1 हा टी-पेशींवरचा ब्रेक रोखणारं औषध असेल तर पुढचं बोलू. नुसती लस असेल तर मी सही करणार नाही.