काचेला चिकटणारा बर्ड फीडर: पाचपैकी तीन तारे

ऑनलाइन मागवला, 449 रुपये. साखळी गावातल्या घराच्या मागच्या खिडकीला लावून नाचणी घातली. अकरा दिवस एक पाखरू फिरकलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "उघड्यावर पान वाढलंस, माडावर शिक्रा बसतो. कोण येणार जेवायला?"

मग तो परसात, जास्वंदीपासून हातभर अंतरावर टांगला. चौथ्या दिवशी सात-आठ मुनिया आल्या. दाणा उचलला की मान वर. थव्यात डोळे जास्त, त्यामुळे प्रत्येकीला खायला थोडी जास्त सवड मिळते. दयाळ पक्षी धोक्याच्या इशाऱ्यानं खरखरला की सगळ्या जास्वंदीत गडप! बहुतेक वेळा झावळ पडलेली असते. पण दहादा फुकट पळणं परवडतं, एकदा न पळणं नाही.

भीतीची किंमतही असते म्हणा. कॅनडात चिमणीसारख्या पक्ष्यांना नुसते शिकाऱ्यांचे आवाज ऐकवले, तर पिल्लं 40 टक्क्यांनी घटली. 2011 चा अभ्यास. तेव्हापासून आमचा बोका सकाळी घरातच.

फीडर पारदर्शक आहे, खाताना पाखरांना चहूकडे दिसतं. त्याला पूर्ण गुण. पण तळाला भोकच नाही! मिरगाच्या पावसात नाचणी रुजून वर आली. शेवटी दाभण तापवून मीच भोकं पाडली.