पुन्हा फ्लामेंको गिटार: आधी सोलेआ की तांगोस?

बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर फ्लामेंको या स्पॅनिश संगीतशैलीची गिटार हाती घेणाऱ्या प्रौढाने सरावाचा आरंभ सोलेआ आणि तांगोस या तिच्यातल्या दोन प्रकारांपैकी कशाने करावा, हा प्रश्न बोटांइतकाच कानाचाही आहे. तांगोस ४ मात्रांचा असल्याने पाय लगेच ठेका धरतो, आणि बोटे एकामागून एक उलगडत तारा छेडण्याचा रास्गेआदो तसेच गिटारच्या दर्शनी फळीवर अनामिकेने दिलेला ठोका, म्हणजे गोल्पे, लवकर परत येतात. सोलेआचे आवर्तन मात्र १२ मात्रांचे. ३, ६, ८, १० आणि १२ वर आघात येतात आणि स्वरवाक्य बहुधा दहाव्या मात्रेवर विसावते. १२ मात्रांचाच एकताल अंगवळणी पडलेला आपला कान पहिल्या मात्रेवर सम शोधत राहतो, त्यामुळे टाळ्या देत मोजल्यावाचून येथे निभाव लागत नाही.

तरीही माझा कल सोलेआकडेच आहे, कारण तिची लय संथ असल्यामुळे तार छेडून अंगठा खालच्या तारेवर टेकवण्याची क्रिया ताठरलेल्या मनगटावर ताण न देता घोटता येते, आणि पुढे आलेग्रियास व बुलेरियास या प्रकारांनाही लागणारे १२ मात्रांचे गणित तिथेच पक्के होते. हात फारच आखडला असेल, तर पहिले काही आठवडे तांगोस वाजवावा.