इंडक्शन शेगडी वर्षभर वापरून: ती टुंग टुंग करते तो बिघाड नव्हे

गेल्या चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठ दिवस आधी घेतली, आता परत चवथ आली म्हणून लिहायला बसले. आमच्या गोव्यातल्या डिचोलीत ओळखीच्या तीन घरांत ही शेगडी "खराब निघाली" म्हणून माळ्यावर चढलीय आणि तिन्ही ठिकाणी शेगडीला काहीही झालेलं नाही, हे बघून जीव तळमळतो खरंच. माझी 2000 वॅटची, बटणांची, 2,800 रुपयांना पडली, टचवाली मुद्दाम घेतली नाही कारण स्वयंपाकात हात कायम ओले.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी त्यांचा ॲल्युमिनियमचा टोप ठेवला, उकड्या तांदळाची पेज करायची होती, आणि शेगडी नुसती टुंग टुंग, आकडा लुकलुकतोय, मिनिटभराने आपोआप बंद. परत लावली, परत तेच. सासूबाई म्हणाल्या, "परत दे गो ती." मी उचलून दुकानात नेली. दुकानदाराने स्वतःची एक कढई ठेवली आणि लगेच पाणी उकळून दाखवलं, "बाय, मशीन बरें आसा, तुमचो टोप चलना." इथपर्यंत बरोबर. पण मग त्याच दुकानात मला "इंडक्शन बेस" म्हणून एक नवा टोप विकला, तळाला गोल गोल रेघा छापलेल्या, आणि घरी आल्यावर तोही चालला नाही! रेघा नुसत्या दिसायला होत्या, खाली लोखंडाचा पत्रा नव्हताच. तो टोप बदलून घ्यायला दोन फेऱ्या झाल्या, म्हणून सांगते, तळावरचं चित्र बघून भांडं घेऊ नका, चुंबक लावून बघा.

शेगडी भांडं ओळखते कशी हे मला माझ्या भाच्याने समजावलं, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतोय तो. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. चालू असताना त्यातला प्रवाह सेकंदाला वीस-तीस हजार वेळा पुढेमागे होतो, त्यामुळे वरच्या भांड्याच्या तळातच प्रवाहाचे भोवरे उठतात आणि भांडं स्वतः तापतं, काच नाही. पण हे सगळं सुरू करायच्या आधी शेगडी एक अगदी बारीक झटका सोडून बघते. भाचा म्हणाला, "मावशी, देवळातली घंटा आठव, टोला दिला की किती वेळ घुमत राहते, आणि हात लावून धरली तर लगेच दबते ना?" तसंच. वर काही नसेल तर तो झटका वेटोळ्यात बराच वेळ घुमत राहतो, लोखंडाचा तळ असेल तर तो ती शक्ती पिऊन टाकतो आणि दोनचार हेलकाव्यांत सगळं शांत. शेगडी ते हेलकावे मोजते. कमी आले तर भांडं आहे, तापव. जास्त आले तर टुंग.

आता ॲल्युमिनियम का नको? मला वाटायचं धातू तो धातू. पण ॲल्युमिनियम आणि तांब्यातून वीज इतकी सहज वाहते की ते शक्ती फारशी पीतच नाहीत, त्यामुळे शेगडीला ते जवळजवळ रिकामंच वाटतं. आणि जबरदस्तीने चालवायचं म्हटलं तर वेटोळ्यातून इतका प्रवाह सोडावा लागेल की आतला स्विच, ज्याला आयजीबीटी म्हणतात, तो जळेल. म्हणजे ती टुंग टुंग स्वतःला आणि आपल्याला वाचवत असते. (जपानात तांबं-ॲल्युमिनियम चालणाऱ्या शेगड्या मिळतात, त्या बऱ्याच जास्त फ्रिक्वेन्सीवर चालतात, आपल्याकडच्या साध्या तशा नसतात.)

सगळ्यात मोठा घोळ स्टीलचा. आमच्या आईपासून सगळ्यांनी शिकवलंय की चुंबक चिकटलं नाही तर स्टील अस्सल. आईने लग्नात दिलेला जाड टोप, त्यावर ती किती खूश होती, तो शेगडी घेतच नाही! कारण त्यात 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल, 304 म्हणतात त्याला, निकेलमुळे त्याला चुंबक धरत नाही. आणि मँगनीज घातलेलं स्वस्तातलं 200 सिरीजचं स्टील येतं त्यालाही धरत नाही, म्हणजे तो जुना नियम अस्सलपणासाठी सुद्धा तितकासा खरा नाही. इंडक्शनला 430 सारखं चुंबक धरणारं स्टील लागतं. ट्रायप्लाय भांड्यांत आत 304, मध्ये ॲल्युमिनियम आणि बाहेर हे 430 असतं, म्हणून ती महाग असली तरी छान चालतात. बिडाचा तवा तर फारच मस्त, पोळ्या एकसारख्या भाजतात.

मी काय काय ठेवून बघितलं ते सांगते. स्टीलचा चमचा, काही नाही, चांगलंच आहे, चुकून एकटाच राहिला तरी तापत नाही. चहाचं छोटं भांडं, तळ जेमतेम नऊ सेंटीमीटर, चुंबक कडकडून चिकटतं तरी शेगडी नाही म्हणते, बारा सेंटीमीटरचं घेतलं ते लगेच चालू. गोल बुडाची कढई कधी घेते कधी नाही, कारण तळ काचेपासून जितका वर तितकी ओळख कच्ची. मातीचं कुंडलं तर अर्थातच नाही. त्यासाठी लोखंडाची चकती मिळते, ती खाली ठेवायची, ती मी महिनाभर वापरली आणि सोडून दिली, कारण शेगडी चकतीला ओळखते, तीच लालबुंद व्हायला येते आणि कुंडलं तापायला अर्धा तास, वर तडकायची भीती. बांगड्याचं हुमण आमच्याकडे कुंडल्यातच होतं आणि ते गॅसवरच होतं.

भांडं उचललं की सेकंदभरात तापवणं थांबतं, हे मला फार आवडतं, घरात लहान मूल आहे. पण काच भांड्यामुळे तापलेली असते, तिला लगेच हात लावू नका.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, शेगडीला भांडं कळतं, भांड्यात काय आहे ते कळत नाही. काचेखाली मधोमध तापमान मोजणारा एक सेन्सर असतो, रिकामं भांडं फार तापलं की तो बंद करतो, पण उष्णता काचेतून खाली पोचेपर्यंत वेळ जातो. पातळ पॅनमध्ये दोन चमचे तेल आणि पॉवर 2000 असं करू नका, माझ्याकडे मोहरी टाकायच्या आत धूर झाला होता. फोडणी 800 वर करा.

आणि प्लग मोठा पाहिजे, 16 अँपियरचा. 2000 वॅट म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपियर, मिक्सरच्या 6 अँपियरच्या पॉइंटला लावाल तर पॉइंट वितळेल. आम्हाला वायरमन बोलवावा लागला, तो खर्च आधीच धरा. काम झाल्यावर आतला पंखा थोडा वेळ फिरतो, तेव्हा मेन बटण बंद करू नका. मागे हवेसाठी चार बोटं जागा ठेवा. आणि पावसाळ्यात पाली आणि झुरळं गरम जागा शोधत जाळीतून आत शिरतात. घरात कोणाला पेसमेकर असेल तर साधारण 60 सेंटीमीटर लांब राहायला सांगतात, डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आमचा सिलिंडर आता बरेच दिवस जास्त टिकतो कारण पेज, दूध, चहा, डाळ सगळं हिच्यावर. सासूबाई सकाळी स्वतः लावतात, टुंग झालं की मला हाक मारत नाहीत, भांडं बदलतात.

येत्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जातेय, सपाट बुडाची बिडाची कढई हवीय, तळ सोळा-अठरा सेंटीमीटर तरी. कोणाला चांगली कुठे मिळते माहीत असेल तर सांगा, चुंबक पर्समध्ये घेऊनच येते.