जुन्या सायकलवरचे घरगुती जुगाड: आठ महिन्यांत काय टिकलं, काय नाही

माळ्यावर पडलेली जुनी सायकल आठ महिन्यांपूर्वी खाली काढली, तेव्हापासून रोज चालवतोय आणि जमेल तेवढं सगळं घरीच केलंय, त्यातलं बरंच टिकलं आणि एका जुगाडाने तोंडावर पाडलं, म्हणजे खरोखरच पाडलं, ते पुढे सांगतो.

सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे फाटकी ट्यूब, फेकू नका. मडगार्डच्या सळीखाली, कॅरियरच्या बोल्टखाली तिचे वायसर कापून घातले आणि सगळा खडखडाट बंद, अजून एकही बदललेला नाही. रिमच्या आतून, तारांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून तिचीच पट्टी ताणून बसवली. पण टायर बाजूने चिरला होता तिथे आतून ट्यूबचा तुकडा लावला तर दोन दिवसात फुगा बाहेर, कारण रबर ताणतं आणि तिथे न ताणणारं काहीतरी लागतं. मग जुन्या टायरचाच तुकडा कडा तासून आत ठेवला, पाच महिने झाले, बसलाय.

पंक्चर मी आधी दर आठवड्याला काढायचो, चूक माझीच, सोल्युशन लावलं की लगेच पॅच दाबायचो. पाच मिनिटं थांबा, बोटाला ओलं लागत नाही इतकं सुकलं की मग दाबा, आणि ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवा, काटा असेल तर अडकतो.

सीट खाली सरकायची, तिच्या दांड्याला कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्याची पट्टी गुंडाळून घट्ट केली, एकदम फिट. झालं, डोक्यात हवा गेली आणि हँडल फिरायचं तिथेही तेच केलं. एका खड्ड्यात हँडल गर्रकन पुढे झुकलं आणि मी रस्त्यावर. हँडल आणि ब्रेकला आता जुगाड बंद, पार्टच बदलतो.

चैनीला स्वयंपाकाचं तेल लावू नका, धूळ बसून डिंकासारखं होतं. रॉकेलने धुवून, पूर्ण सुकवून, प्रत्येक कडीला मशीन ऑइलचा एकच थेंब आणि बाहेरून कोरडं पुसायचं. पट्टीने मोजा, २४ कड्या नव्या चैनीत बरोबर १२ इंच भरतात, वर १/८ इंच गेलं की चैन संपली, माझी तर सव्वाबाराच्या जवळ होती!! नवी टाकली तर झिजलेल्या फ्रीव्हीलवरून (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) सटकायला लागली, शेवटी तेही बदललं.

पायडल मारताना दर फेरीला टक्क टक्क येत असेल तर कॉटर पिन बघा, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) मधल्या आसाला धरून ठेवणारी खीळ. मी पिनला पत्रा गुंडाळला, दोन आठवडे चाललं. खरा उपाय म्हणजे नवी पिन, तिची सपाट बाजू कानशीने नीट घासायची, क्रँकखाली पाइपचा टेकू देऊन हातोडीने ठोकायची आणि मग नट, नुसता नट आवळून पिन ओढायला गेलात तर आटे जातात. थोडं चालवून परत एकदा आवळा. (डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, मी अर्धा तास चुकीच्या बाजूलाच जोर लावत होतो.)

चाकाचा आऊट (चाक डावी-उजवीकडे डुलतं तो) काढायला फॉर्कला केबल टाय बांधून तिचं टोक रिमजवळ आणा, घासलं की कळतं, तारेचा नट एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नका.

कालपासून मागचं चाक खोललंय, छर्रे एका बाजूला ९ असतात, माझ्याकडे वाटीत ८ आहेत आणि नववा कपाटाखाली गेलाय.