आश्वेच्या किनाऱ्यावरचा ‘एकच सीझन वापरलेला’ सर्फबोर्ड

गोव्यात सर्फिंग शिकलात आणि आता स्वतःचा बोर्ड घ्यायचं मनात असेल, तर हे वाचा. माझे 22,000 रुपये बुडाले. त्याहून जास्त राग याचा आहे की मी नवशिका आहे हे त्या विक्रेत्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याने त्याचाच फायदा घेतला.

आश्वेला क्लास सुटला की तो गाठायचा. “दादा, क्लासचे ते मऊ बोर्ड पोराटोरांचे. तुम्ही उभे राहायला लागलात ना, आता हाच घ्या. गोव्याच्या लाटांसाठीच बनवलाय.” बोर्ड 6 फूट 2 इंच लांब, 19 इंच रुंद, पुढून टोकदार. पन्नास लिटरचा आहे, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं.

हे धडधडीत खोटं होतं. बोर्ड तुम्हाला किती तरंगवणार ते त्याच्या आकारमानावर, म्हणजे लिटरवर ठरतं, आणि त्याचा अंदाज घरीही काढता येतो. लांबी, रुंदी, जाडी इंचांत गुणायची, टोकं निमुळती असतात म्हणून त्याच्या निम्म्याहून जरा जास्त धरायचं आणि 61 ने भागायचं. माझ्या बोर्डाची जाडी 2.4 इंच. उत्तर येतं तीसच्या आसपास. माझं वजन 74 किलो. शिकणाऱ्याला निदान वजनाइतके लिटर तरी हवेत, म्हणून तर क्लासमध्ये आठ-नऊ फुटी बोर्ड देतात.

त्यात उत्तर गोव्याच्या लाटा. पावसाळा सरला की त्या बहुतेक वेळा गुडघ्या-कमरेएवढ्या, वाळूवर फुटणाऱ्या, जोर कमी असलेल्या. अशा लाटेवर लांब, रुंद बोर्डच वेग धरतो. अरुंद बोर्ड छातीखाली बुडतो, हात मारून दंड भरून येतात आणि लाट खालून निघून जाते. तोच बोर्ड महाबलीपुरमच्या दमदार लाटेवर मुरलेला सर्फर मजेत चालवेल. आणि जून ते सप्टेंबर गोव्यात लाटा मोठ्या असतात खऱ्या, पण समुद्र खवळलेला आणि किनाऱ्यावर लाल बावटे. ते दिवस शिकायचे नाहीतच.

बरं, बोर्ड नुसता चुकीच्या मापाचा असता तर विकून तरी टाकता आला असता. हा विकण्याजोगाही नव्हता. खालच्या बाजूला मधोमध मोठं निळं कासव रंगवलेलं होतं. दुरुस्ती करणाऱ्याने कासवाच्या पाठीवर अंगठा दाबला, तर तिथला पापुद्रा आत गेला आणि करकरत वर आला. पॉलिशपेपरने रंग घासला तेव्हा या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी भेग निघाली. बोर्ड मोडलेला होता! फायबरग्लासची पट्टी मारून जोडलेला. मधली लाकडी पट्टी, म्हणजे स्ट्रिंगर, दोन तुकडे. फोम पाणी पिऊन तपकिरी पडलेला. बोर्ड उभा धरला तर फिनच्या, म्हणजे मागे खालून बसवतात त्या पात्याच्या, खोबणीतून खारं पाणी ठिबकत होतं. बनवणारे स्ट्रिंगरजवळ माप लिहून ठेवतात, ते घासून त्यावरच रंग दिला होता.

विक्रेत्याला फोन केला तर आधी म्हणाला, खाऱ्या पाण्यात असं होतंच. मग विकलेला माल परत घेत नाही. मग नंबरच ब्लॉक. पावती दिलीच नव्हती आणि यूपीआयचे पैसे भलत्याच नावाच्या खात्यात गेलेले. सगळे मेसेज आणि व्यवहाराची नोंद जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे.

त्याच्याकडे असेच चित्रं काढलेले आणखी बोर्ड भिंतीला टेकून उभे होते. आश्वे, मांद्रे, मोरजी भागात कुणी ‘एकच सीझन वापरलाय’ म्हणून असा बोर्ड पुढे केला, तर उन्हात तिरपा धरून मधोमध उंचवटा दिसतो का बघा, सगळीकडे अंगठा दाबा, फिनच्या खोबणीभोवती चिरा शोधा. लिहिलेलं माप दाखवायला सांगा. तुमच्या शिकवणाऱ्याला सोबत न्या आणि बोर्ड पाण्यात नेऊन बघितल्याशिवाय आगाऊ एक रुपयाही देऊ नका.