युनिका, झाइस्ट : मध्यंतरासाठी जावं असा महोत्सव

युनिका ही हौशी चित्रपटकारांची आंतरराष्ट्रीय संघटना, 1937 साली पॅरिसमध्ये स्थापन झालेली. तिचा महोत्सव दरवर्षी वेगळ्या देशात भरतो. सप्टेंबर 2019 मध्ये तो नेदरलँड्समधल्या झाइस्टला होता. मुलगी उट्रेख्तला असते आणि तिथून झाइस्ट म्हणजे आमच्या सांगलीहून मिरज. सकाळी बस पकडायची, पोटभर सिनेमे बघायचे आणि रात्री जावई जेवायला थांबलेले असताना उशिरा उगवायचं, असं माझं चालू होतं.

इफ्फीला मी गोव्यात गेलेलो आहे. तिथे सिनेमे थोर, पण रांगेत पुढच्या माणसाच्या पाठीपलीकडे ओळख सरकत नाही. इथे शेजारच्या खुर्चीवरचा माणूसच दिग्दर्शक, कॅमेरामन आणि बऱ्याचदा नटसुद्धा. पोटापाण्याला कुणी दातांचा डॉक्टर, कुणी शाळामास्तर. सिनेमा विकायचा नसल्यामुळे कुणी कुणाला कार्ड देत नाही, थेट गप्पांनाच बसतात.

एकेका देशाचा कार्यक्रम लागतो आणि मग परीक्षक सगळ्यांसमोर बसून प्रत्येक सिनेमावर बोलतात. बंद दाराआड काही नाही. एका परीक्षकानं एका सिनेमातला शेवटचा शॉट फारच लांबल्याचं सुनावलं, तेव्हा तो करणारे आजोबा माझ्या पुढच्याच रांगेत मान खाजवत बसले होते. कॉफीच्या वेळी मी जरा जपूनच विषय काढला. ते म्हणाले, "बायको वर्षभर हेच सांगतेय. आता घरी गेलो की काही खरं नाही." बायको शेजारीच उभी होती, तिनं फक्त भुवया उडवल्या. आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांत निकालानंतर जे मागच्या जिन्यात बोललं जातं, ते इथे दिव्याखाली, माइकवर बोललं जातं. त्यामुळे रुसवेफुगवे कमी होतात, निदान मला तरी तसं दिसलं.

सगळ्यात धमाल एक मिनिटाच्या सिनेमांच्या चषकाची. दोन-दोन सिनेमे लावायचे, प्रेक्षकांनी मत द्यायचं, हरलेला बाहेर. अगदी कुस्तीचा फड! एरवी शिस्तीत बसणारी मंडळी आरडाओरडा करतात. माझ्या पसंतीचा सिनेमा पडला तेव्हा मागच्या बाईंनी खांद्यावर थोपटून सांत्वनही केलं.

दुपारचं जेवण म्हणजे डच रिवाजाप्रमाणे ब्रेड आणि चीज. म्हणून मी भडंगाचा डबा नेऊ लागलो. एका स्विस जोडप्याला तो इतका आवडला की गप्पा लसणावरून त्यांच्या सुपर-एट फिल्मवर, म्हणजे घरगुती कॅमेऱ्यातल्या जुन्या आठ मिलिमीटरच्या रिळांवर गेल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फिल्म कापून, ती चिकटवायचं सिमेंट लावून, जोड सुकेपर्यंत पोरांना स्वयंपाकघराबाहेर ठेवायचं. मी नव्वदच्या दशकात खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा घेऊन लग्नं काढायचो. अक्षता पडताना नेमकी लाइट जायची, हे ऐकून ते दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. ही मैफल पुढचा कार्यक्रम सुरू झाला तरी उठली नाही. तो कार्यक्रम बुडाला, त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

सिनेमांबद्दल खरं सांगायचं तर सगळेच काही चांगले नसतात. प्रवासवर्णनं फार, नातवंडंही फार. मध्येच एखादा असा येतो की सभागृह गप्प होतं. प्रेक्षकांत पांढरे केस जास्त. मला ते सोयीचं होतं, पण विशीतल्या मुलामुलींना एकटं वाटू शकेल. त्यांनी मित्र घेऊन जावं.

भाषेची धास्ती घेऊ नका. इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तिथल्या कामकाजाच्या भाषा. आपलं मोडकंतोडकं इंग्रजी पुरतं, कारण समोरच्याचंही तसंच असतं. आठवड्याच्या मध्ये सगळ्यांची एकत्र सहल असते, ती चुकवू नका. बसमध्ये खिडकीची जागा धरू नका, मधल्या वाटेची धरा. दोन्ही बाजूंच्या गप्पा ऐकू येतात. आणि नवरा-बायको दोघं जाणार असाल तर सभागृहात वेगवेगळ्या रांगांत बसा. एकत्र बसलात तर आपापसातच बोलत राहाल, आणि त्यासाठी एवढं विमानाचं तिकीट काढायची गरज नाही.