रूपकुंडाचा ‘विशेष परवाना’ आणि आम्हा अकरा जणांचे पैसे

उत्तराखंडातल्या रूपकुंडाच्या ट्रेकसाठी कुणी तुमच्याकडे आगाऊ रक्कम मागत असेल, तर ती भरण्याआधी हे वाचा. २०२३ च्या सप्टेंबरअखेर आम्ही नाशिक आणि आसपासचे अकरा जण या नावाखाली फसलो. माणशी १९,३०० रुपये गेले. ट्रेक मीच शोधून काढला आणि बाकीच्या दहा जणांना मीच गळ घातली. म्हणून हे लिहिणं मी माझं काम समजते.

रूपकुंडाचं वेड माझ्या दादाचं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्याची सगळी नोकरी गेली. पण पंचवीसेक वर्षांपूर्वी रविवारच्या पुरवणीत त्याने त्या तळ्याविषयी वाचलं, तेव्हापासून ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही. त्रिशूळ पर्वताच्या कुशीत सोळा हजार फुटांच्या आसपास हिमनदीने कोरलेलं एवढंसं कुंड, वर्षातले बरेच महिने गोठलेलं, आणि बर्फ वितळला की काठावर माणसांच्या कवट्या नि हाडं. १९४२ मध्ये एका वनरक्षकाला ती दिसली. कुणी म्हणे हरवलेलं सैन्य, कुणी म्हणे नंदादेवीच्या कोपाला बळी पडलेला कनौजचा राजा आणि त्याचा लवाजमा. २०१९ मध्ये ३८ जणांच्या हाडांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा दादाने रात्री अकराला मला फोन केला होता. काही माणसं इसवी सन ८०० च्या सुमाराला गेलेली, काही त्यानंतर हजारेक वर्षांनी, आणि त्यातली चौदा जणं भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या वंशाची. “तिथून इथवर कशाला आली असतील गं ही माणसं?” एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

निवृत्त झाल्यावर त्याने तयारीच सुरू केली. पहाटे रामशेज, रविवारी ब्रह्मगिरी, महिन्यातून एकदा साल्हेर नाहीतर कळसूबाई. आणि मी फोनवर ट्रेक शोधत बसले.

मोठ्या संस्थांच्या यादीत रूपकुंड दिसतच नव्हतं. खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. उलट, एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मराठी ट्रेकर्ससाठी रूपकुंड, मर्यादित जागा’ अशी जाहिरात आली, तेव्हा आपलं नशीब उघडलं असं मला वाटलं. आयोजक गोड मराठी बोलायचा, दादाला ‘काका’ म्हणायचा, रोज गुडघ्यांची चौकशी करायचा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं, ईसीजी मागितला. एवढं सगळं विचारणारा माणूस खोटा असेल, असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

ट्रेक बंद असल्याचं कुठेतरी वाचलंय, असं मी त्याला स्पष्ट विचारलं होतं. तो म्हणाला, “ताई, तो नियम सर्वसाधारण पब्लिकला. आपल्याकडे विशेष परवाना असतो.” ट्रेकचे १६,५०० आणि या परवान्याचे वेगळे २,८००. दोन दिवसांनी हिंदीतलं एक पत्र आलं, गोल शिक्का आणि सही असलेलं. मी ते प्रिंट काढून फाईलला लावलं. त्यावर आमच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं, जावक क्रमांक नव्हता, माणसं किती तेही नव्हतं. हे सगळं मला नंतर दिसलं.

आता तेव्हा नियम काय होता ते सांगते, कारण आमच्या फसवणुकीचं मूळ त्यात आहे. जंगलाची रेघ संपली की वर जी गवताळ कुरणं लागतात, त्यांना तिकडे बुग्याल म्हणतात. रूपकुंडाच्या वाटेवर ‘आली’ आणि ‘बेदनी’ या नावांची दोन मोठी बुग्यालं आहेत. दरवर्षी हजारो माणसं, खेचरं, तंबू आणि कचरा यांनी त्यांची माती सुटायला लागली. स्थानिकांचीच एक समिती न्यायालयात गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांमध्ये रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. दिवसा जाऊन परत यायला हरकत नव्हती. पण झाडीतल्या शेवटच्या मुक्कामापासून, म्हणजे गैरोली पातालपासून, रूपकुंड गाठायचं तर बेदनी, पातर नचौणी, कालू विनायकाचा खडा चढ आणि भगवाबासा एवढं सगळं ओलांडावं लागतं. उंचीच दीड हजार मीटरहून जास्त चढायची. वरचा बर्फ उन्हाने मऊ पडायच्या आत, दुपारच्या आधी कुंडावरून खाली फिरावं लागतं. हे एका दिवसात जाऊन येणं सामान्य ट्रेकरला शक्यच नाही. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा रूपकुंड विकणारा माणूस एकतर चोरून तंबू ठोकणार होता, नाहीतर नेणारच नव्हता. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘तिसरा दिवस : बेदनी मुक्काम, चौथा दिवस : भगवाबासा मुक्काम’ असं ठळक अक्षरांत छापलं होतं. फसवणूक कागदावरच लिहिलेली होती आणि मी तो कागद बाकीच्या दहा जणांना वाटला.

नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेसने दिल्ली, तिथून रात्रीच्या रानीखेत एक्सप्रेसने पहाटे काठगोदाम. आयोजक स्वतः आला नव्हता, ‘घरात अडचण’ म्हणून. त्याच्याऐवजी बाविशीतला एक ‘लीडर’ स्टेशनवर उभा होता. गाड्यांचं अर्धंच भाडं दिलेलं निघालं. ड्रायव्हर जागचे हलेनात, म्हणून डिझेलचे पैसे आम्ही भरले. दोनशेहून जास्त किलोमीटरचा घाटरस्ता, पायथ्याच्या लोहाजंग गावाला पोचेस्तोवर अंधार पडलेला. इथपर्यंत आम्ही एकमेकांना समजावत होतो की पहाडात थोडं इकडंतिकडं व्हायचंच.

ज्या होमस्टेत उतरलो, तिथे रात्री जेवताना घरमालकाने विचारलं, “ब्रह्मताल जा रहे हैं आप लोग?” दादा म्हणाला, “नाही, रूपकुंड.” त्या माणसाच्या हातातली पोळी तशीच राहिली. “रूपकुंड तो २०१८ से बंद है, बाबूजी. आपको किसने बोला?”

मी फाईल उघडून ते पत्र दाखवलं. त्याने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि परत देताना काहीच बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मला सगळ्यात जास्त लागलं.

लीडरला समोर बसवलं. आधी म्हणाला, “वाण गावाहून पहाटे दोनला निघू, कुणाला कळणार नाही.” मग म्हणाला, ब्रह्मतालला जाऊ, तेही तळंच आहे. मग रडायला लागला. त्याला दिवसाला हजार रुपये कबूल केले होते आणि तो स्वतः बेदनीच्या वर कधी गेलेला नव्हता. ऑक्सिजनचा सिलिंडर नाही, उंचीच्या त्रासावर औषध नाही. विम्याचा कागद मागितला तर दुसऱ्याच बॅचचा निघाला. हा मुलगा साठीच्या माणसांना घेऊन रात्री चोरवाटेने चौदा हजार फुटांवर जाणार होता. पैशांपेक्षा याच गोष्टीने मला पुढे कित्येक रात्री झोप लागली नाही. तिथे वर कुणाच्या छातीत पाणी झालं असतं, तर बंदी मोडून गेलेल्यांनी मदत तरी कुणाकडे मागायची होती?

सकाळी तो मुलगा नव्हता. खेचरांसाठी म्हणून आदल्या दिवशी आमच्याकडून घेतलेले नऊ हजारही नव्हते. आयोजकाचा फोन दोन दिवस ‘नेटवर्कच्या बाहेर’ होता, नंतर त्याने आम्हाला ब्लॉकच केलं.

घरमालकाने वाण गावातला नोंदणीकृत गाईड बोलावला. त्याने पहिल्यांदा स्वच्छ सांगितलं की रूपकुंडाचं नाव काढायचं नाही, माझं लायसन्स जाईल. बेदनीपर्यंत दिवसा नेतो, मुक्काम खाली झाडीत. त्याचे दर त्याने कागदावर लिहून दिले. दोन जण माघारी फिरले, आम्ही नऊ जण गेलो. वाणमध्ये लाटू देवतेच्या देवळासमोर दादाने बूट काढून हात जोडले. देवळात भक्तांनी जायचं नसतं, पुजारीही डोळ्यांवर पट्टी बांधून आत जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बेदनी कुंडाजवळ उभे होतो. समोर त्रिशूळ आणि नंदाघुंटी. गाईडने कालू विनायकाकडे जाणारी धार बोटाने दाखवली. दादा तिकडे बराच वेळ बघत राहिला. मी म्हटलं, “दादा, माझी चूक झाली.” तो म्हणाला, “अगं, हे गवत बघ.” तंबूंच्या जुन्या जागी गोलगोल टक्कल पडलेलं होतं, त्यावर कुठेकुठे नवं गवत धरत होतं. खाली येताना तो एवढंच बोलला की बंदी बरोबर आहे.

आता कामाचं. हिमालयातल्या कुठल्याही तळ्याचा ट्रेक ठरवताना मुक्कामाची गावं आणि कॅम्प यांची नावं आयोजकाकडून लेखी घ्या, आणि ती नावं घेऊन त्या भागातल्या वन विभागाच्या कार्यालयात किंवा पायथ्याच्या गावातल्या होमस्टेवाल्याला स्वतः फोन करा. आम्ही लोहाजंगला एक फोन केला असता तर दोन लाख रुपये वाचले असते. नियम बदलतात, म्हणून जाण्याच्या वर्षीच विचारा. परवान्यावर तुमचं नाव, तारीख आणि क्रमांक नसेल तर तो तुमचा परवाना नाही. संस्थेच्या नावाचं खातं नसून कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे मागितले, तर भरू नका. आणि फसलात असं कळल्याक्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. आमचे पैसे जाऊन तोवर महिना उलटला होता.

आमची तक्रार नोंदलेली आहे. पैसे आलेले नाहीत. अकरापैकी आठ जणांनी सह्या केल्या, तिघांनी ‘जाऊ दे, डोक्याला ताप’ म्हणून सोडून दिलं. त्या तिघांपैकी कुणी हे वाचत असेल तर तुमच्या पावत्यांची नक्कलही माझ्या फाईलमध्ये आहे. सही करायला कधीही या.